उजेड कामावर

माघातलं ऊन चांगलं तापलं होतं. आगाशीच्या त्या वाडीत बांबूच्या मांडवावर ताट्या टाकून सुहासिनीबाईंनी सोललेली राजेळी केळी वाळत घातली होती आणि पदर खोचून त्या एकेक केळं उलटत होत्या. राजेळी उन्हात आठवडाभर अशी उलटून-पालटून मुरली, की त्यांची सुकेळी होतात. काळपट, चिकट, मधासारखी. दिनानाथ गळ्यात कॅमेरा अडकवून मांडवाभोवती फिरत होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना हा नवा नाद लागला होता. केळफुलाचा फोटो, विहिरीवरच्या पंपाचा फोटो, शेजारच्या क्लेमेंटीनच्या मांजरीचे तर इतके फोटो, की एवढे फोटो माझ्या लग्नातही निघाले नव्हते, असं क्लेमेंटीन येताजाता ऐकवी. या सगळ्यात एक माणूस मात्र कधीच नव्हता. कारण कॅमेरा त्याच्याच हातात असे.

त्यांची लेक विनिता शनिवारची फुलपाड्याहून आली होती, दर आठवड्याला येई तशीच. वसईच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती आणि पिशवीत दोन पुस्तकं घातल्याखेरीज घराबाहेर पडत नसे. ओटीवर बसून ती वाचत होती. तेवढ्यात आईचा आवाज चढला. बायकोच्या चिकट हाताचा जवळून फोटो घ्यायला गेलेल्या दिनानाथांची सावली केळ्यांवर पडली होती, आणि सुकेळ्यांवर सावली पडलेली सुहासिनीबाईंना खपत नसे.

"जन्मभर दुसऱ्यांचे काढलेत," त्या म्हणाल्या. "द्या इकडे ते. आज तुमचा काढते."

त्यांनी हात पुसले आणि कॅमेरा घेतला, तोही उलटा. दिनानाथांनी तो सुलटा करून दिला, बटण दाखवलं, पुन्हा मांडवापाशी जाऊन उभे राहिले. बाई एक डोळा मिटून उभ्याच. हात लांब, श्वास रोखलेला, जणू बंदूकच धरली आहे.

"दाब की," दिनानाथ म्हणाले. "मी काही पळून जात नाही."

आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले. बटण तेव्हाच दाबलं गेलं.

दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी तो फोटो लॅपटॉपवर घेतला. लॅपटॉप परेशचा, म्हणजे विनिताच्या धाकट्या भावाचा. मस्कतच्या ऑफिसात नवीन लॅपटॉप आले तेव्हा त्याने जुना वडिलांना आणून दिला होता. पाट्याएवढा जड, पण दिनानाथांचा त्याच्यावर जीव. फोटो आत उतरले, की कॅमेऱ्याचं कार्ड ते लगेच कोरं करत. भांडं वापरलं की घासून ठेवावं, हा त्यांचा नियम यंत्रांनाही लागू होता. त्यांनी विनिताला हाक मारून फोटो दाखवला, तीही हसली आणि पुन्हा पुस्तकात शिरली.

संध्याकाळी पंपाचा स्टार्टर कुरकुरायला लागला. दिनानाथांनी पत्र्याच्या डब्यातून टेस्टर आणि पकड काढली, विनिताच्या हातात टॉर्च दिला. हे लहानपणापासूनचं. रेडिओ उघडला की टॉर्च विनीकडे, इस्त्री उघडली की टॉर्च विनीकडे. परेशला आठव्या वर्षी स्क्रू-ड्रायव्हर मिळाला होता. त्याने पहिल्याच दिवशी घरभर अंधार केला, तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच्याच हातात. विनिताचा हात हलत नसे, हेच तिला भोवलं. इतका स्थिर टॉर्च दुसरं कोण धरणार?

"उजेड कामावर, विनी," दिनानाथ म्हणाले. नेहमी म्हणत तसंच. "माझ्या हातावर नको."

तिने उजेड सरकवला. एक वाक्य तिच्या जिभेवर होतं, नवव्या-दहाव्या वर्षापासून होतं. प्रत्येक वेळी झाकण परत बसलं, टॉर्च विझला, की ते वाक्यही विझे. त्या संध्याकाळीही तसंच झालं. पंप सुरू झाला, पाटातून पाणी वाहू लागलं आणि दिनानाथ टॉर्च खिशात घालून घराकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पंप लावायला गेले. पंप लागला. विहिरीच्या काठावर बसले ते मात्र उठले नाहीत.

तेराव्याच्या घाईत कोणीतरी खात्याच्या जुन्या ओळखपत्रावरचा फोटो स्टुडिओत नेऊन मोठा करून आणला. त्यात दिनानाथांचा भांग भलत्याच बाजूला होता, ओठ घट्ट मिटलेले आणि नजर अशी, की समोरच्याने काहीतरी चोरलं आहे. सुहासिनीबाईंनी फोटोकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, ह्या माणसाला मी हार घालणार नाही. मी ह्याला ओळखत नाही. पाहुणे गेल्यावर त्यांनी तो फोटो भिंतीकडे तोंड करून टांगला. वर्षभर भिंतीवर फोटोची पाठच होती. पुठ्ठा, खिळे आणि स्टुडिओचा शिक्का.

लॅपटॉपला त्यांनी कोणालाही हात लावू दिला नाही. खाऱ्या वाऱ्याने घरातल्या बिजागऱ्या गंजतात, कपाटातल्या सुया गंजतात, तिथे ह्या यंत्राचं काय होईल, ही त्यांना काळजी. मग त्यांनी त्यांच्या रीतीप्रमाणे केलं. सुकेळी पावसाळाभर टिकवायची तर ती केळीच्या सुक्या पानांत आवळून बांधतात आणि घरातल्या सगळ्यांत कोरड्या जागी ठेवतात. सुहासिनीबाईंनी लॅपटॉप सुक्या पानांत गुंडाळला, केळीच्या खोडाच्या सोपटाच्या दोरीने चारी बाजूंनी आवळला आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, सुकेळ्यांच्या पुड्यांशेजारी ठेवून दिला.

दिवाळीत पेटी खाली काढली तेव्हा त्या त्याबद्दल पहिल्यांदा बोलल्या. ह्यांचा मी काढलेला फोटो ह्याच्यात आहे, म्हणाल्या. वर्षश्राद्धाला तोच लागेल, दुसरा चालणार नाही.

विनिताने पानं सोडली, चार्जर लावला, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, पंखा घरघरला आणि पडदा काळाच राहिला. बाहेर फटाके वाजत होते. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा काळा. सुट्टी संपल्यावर ती तो तुळिंजला एका दुकानात घेऊन गेली. भर बाजारातलं दुकान, शेजारी कॅसेटवाला, त्याचा भोंगा दिवसभर चालू. दुकानदाराने बटण दाबलं, काळा पडदा पाहिला आणि मदरबोर्ड गेला असं सांगून टाकलं. आतली डिस्क वेगळी काढून बघता येईल का, असं तिने विचारलं. त्यावर त्याने मान हलवली. लॅपटॉपच्या डिस्कला लागणारा जोड त्याच्याकडे नव्हता, मुंबईला पाठवावा लागेल, आतलं राहील याची खात्री नाही, ठेवून जा, म्हणाला. सुहासिनीबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ठेवून आलीस का? नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला आणि लॅपटॉप त्यांनी पुन्हा पानांत बांधून पेटीत ठेवला.

परेशने फोनवर सांगितलं, की भंगारात दे, मी मे महिन्यात नवा आणतो. फोटोचं विचारल्यावर म्हणाला, की जुन्या फोटोवरच भांग बदलून घेता येतो, आजकाल सगळं होतं. मी स्वतः उघडून बघते, असं विनिता म्हणाली तेव्हा तो हसला. "ताई, पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकलंय का?"

"बुडणारा तर मेलेलाच आहे म्हणतोस ना," विनिता म्हणाली. "मग भीती कसली?"

हे ती म्हणाली खरी, पण भीती होतीच. उघडताना डिस्कला काही झालं असतं, तर त्या हसण्याची एकुलती एक प्रत तिच्याच हातून गेली असती. आणि मग भिंतीवर जन्मभर तो ओळखपत्रातला माणूस.

कॉलेजच्या ग्रंथालयात संगणक दुरुस्तीचं एक जाडजूड पुस्तक होतं. कोणी मागत नसल्याने ते खालच्या फळीवर पडलेलं. विनिताने ते आपल्या टेबलावर घेतलं आणि कादंबरी वाचावी तसं वाचलं. त्यातलं एक प्रकरण तिला घरचं वाटलं. त्यात लिहिलं होतं, की पडदा काळा असला तरी यंत्र मुकं नसतं. स्वतःची तपासणी करताना त्याला काही खटकलं तर ते आवाज करून सांगतं, फक्त ऐकणारं कोणी पाहिजे. दिनानाथही हेच म्हणत. आधी बघ, मग ऐक, मग हुंग, हात सगळ्यांत शेवटी. दिवाळीत फटाके होते, तुळिंजला भोंगा होता. यंत्राचं म्हणणं अजून कोणी ऐकलंच नव्हतं.

वर्षश्राद्धाच्या आधीचा रविवार. दुपारी वाडीत सगळं शांत. विनिताने ओटीवर पांढरी चादर अंथरली, लॅपटॉप ठेवला, पंप बंद करायला सांगितला, पंखाही बंद केला. आई दारात उभी. बटण दाबलं. हिरवा दिवा, घरघर, काळा पडदा. दोघी कान देऊन उभ्या.

"घरात तांबट शिरलाय का?" सुहासिनीबाई म्हणाल्या.

विनितालाही ऐकू आलं. माडावर बसून तांबट पक्षी टुक टुक करतो तसा, थांबून थांबून, एकसुरी, यंत्राच्या पोटातून. तिने पुस्तक उघडून खात्री करून घेतली. हा आवाज मेमरीच्या पट्टीचा. यंत्र विचारत होतं, माझी पट्टी कुठे आहे? मदरबोर्ड गेलेला असता तर विचारायलाही कोणी उरलं नसतं.

"आई, हे बोलतंय," विनिता म्हणाली. "टॉर्च आण."

टॉर्च आला. दिनानाथांचा पत्र्याचा डबाही आला. विनिताने चार्जर काढला, पाठीमागची बॅटरी काढली, आत उरलीसुरली वीज जावी म्हणून बटण थोडा वेळ दाबून धरलं. लॅपटॉप पालथा केला. पोटाखाली छोटं झाकण होतं. स्क्रू तिने वाटीत ठेवले. सुहासिनीबाई टॉर्च धरून वाकल्या, पण त्यांचं सगळं लक्ष लेकीच्या हाताकडे.

"उजेड कामावर, आई," विनिताच्या तोंडून गेलं. "माझ्या हातावर नको."

दोघीही क्षणभर थांबल्या. सुहासिनीबाईंनी टॉर्च सरकवला.

झाकण निघालं आणि आत गाव वसलेलं दिसलं. काळ्या बारीक मुंग्या, काही मेलेल्या, काही धावणाऱ्या, आणि कोपऱ्यात तांदळाच्या कण्यांसारखी त्यांची पांढरी अंडी. वास सुकेळ्यांचा. पेटीतल्या पुड्यांना लागलेल्या मुंग्यांना शेजारची ही उबदार, कोरडी खोली सापडली होती.

टॉर्चचा उजेड हलला. सुहासिनीबाईंचा चेहरा उतरला होता. "म्हणजे मीच घालवलं," त्या म्हणाल्या. "सुकेळ्यांशेजारी ठेवून."

विनिता आणखी खाली वाकली. आतल्या हिरव्या पाटीवरच्या तांब्याच्या रेघा तिने नीट पाहिल्या. कुठेही गंज नव्हता. सबंध पावसाळा, ओल्या भिंती, समुद्राची हवा, आणि आत गंजाचा ठिपकाही नाही.

"मुंग्या ओल्या जागी अंडी ठेवत नाहीत, आई," ती म्हणाली. "तू कोरडं ठेवलंस म्हणून त्या राहिल्या. कपाटात असता तर आज आत नुसता गंज मिळाला असता. घर चांगलं होतं, भाडेकरू वाईट निघाले."

सुहासिनीबाई हसल्या नाहीत, पण उजेड पुन्हा स्थिर झाला.

रंगकामाच्या मऊ कुंचल्याने विनिताने मुंग्या झाडल्या. सुहासिनीबाई चूल फुंकावी तशा फुंकायला पुढे झाल्या, त्यांना तिने थांबवलं. फुंकरीबरोबर थुंकी जाते. मग दोन्ही बाजूंच्या बारीक खिट्या नखांनी बाहेर सारल्या, तशी मेमरीची पट्टी टपकन तिरकी उभी राहिली. एक खाली, एक वर, दोन पट्ट्या. त्यांच्या कडेचे सोनेरी दात निस्तेज, चिकट झाले होते आणि खालची पट्टी जिथे बसते त्या खाचेत एक मुंगी चिरडून बसली होती. पुस्तकात लिहिलं होतं, की असे दात खोडरबराने पुसावेत. खोडरबर घरात नव्हता. सुहासिनीबाईंनी कुंपणापाशी जाऊन क्लेमेंटीनला हाक मारली.

क्लेमेंटीन खोडरबर घेऊन स्वतःच आली. मांजरही मागोमाग. चादरीवर उघडा पडलेला लॅपटॉप, वाटीतले स्क्रू आणि मेलेल्या मुंग्या पाहून तिने कपाळावर, छातीवर क्रूस केला. "सुहासबाय," ती म्हणाली, "माझ्या नातीची मास्तरीण खोडरबराने चुका पुसायला सांगते. तुझी लेक मशीन पुसते होय?"

विनिताने दात हलक्या हाताने पुसले, दोन्ही बाजूंनी, चमक येईपर्यंत. रबराची कुसं कुंचल्याने झाडली. पट्ट्या तिरक्या सरकवल्या, दाबल्या, खिट्या टक् करून बसल्या. बॅटरी, चार्जर, बटण.

टुक. टुक. टुक.

क्लेमेंटीन हळहळली.  सुहासिनीबाईंनी भिंतीवरच्या त्या पाठमोऱ्या फोटोकडे एकदा पाहिलं. विनिताने यंत्र बंद केलं.  तिला परेशचं हसणं आठवलं. मग आठवलं, स्टार्टर एका फटक्यात सुरू झाला नाही तर तिचे अप्पा काय करत. ते चिडत नसत. एक तार काढत, बघत. मग दुसरी काढत, बघत. दोन माणसांचं भांडण असेल तर दोघांना वेगळं बसवून विचारावं, म्हणत.

तिने दोन्ही पट्ट्या काढल्या. चिरडलेल्या मुंगीची पट्टी बाजूला ठेवली, दुसरी एकटीच खालच्या खाचेत बसवली. बटण. टुक टुक. ती काढून वरच्या खाचेत बसवली. खिट्या बसल्याचा आवाज ऐकला, बोटाने दोन्हीकडून चाचपून पाहिलं. बटण दाबलं.

घरघर. मग काहीच नाही. टुक नाही.  काळ्या पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकली आणि अक्षरं उमटली.

बिघाड खालच्या खाचेत होता. यंत्र आता तारीख विचारत होतं. आतलं घड्याळ इतके दिवस विजेवाचून राहून पुन्हा आपल्या पहिल्या तारखेवर गेलं होतं आणि त्याच्या मते साल २००१ चालू होतं. त्याच्या हिशेबी अप्पा अजून निवृत्तही झाले नव्हते. विनिताने कळांवर बोटं ठेवली, क्षणभर तशीच ठेवली, आणि आजची तारीख घातली. मग ती ओळखीची धून वाजली आणि पडद्यावर केळीचं हिरवंगार बन उघडलं, दिनानाथांनीच काढलेलं.

"उठला!" सुहासिनीबाई म्हणाल्या. त्यांनी टॉर्च अजून खालीच धरला होता, भर उन्हात, जळता.

फोटो शोधायला वेळ लागला नाही. दिनानाथांनी महिन्यांची नावं घालून फोटोंचे खण केले होते, शेवटचा खण माघाचा. मांजर, केळफूल, मांजर, पंप, आणि मग तो. जरासा तिरपा. एका कोपऱ्यात सुहासिनीबाईंचं गुलाबी, अस्पष्ट बोट. मांडवापाशी उभे दिनानाथ. बनियनवर चिकट डाग, तोंड उघडं, डोळे हसण्याने मिटलेले, काहीतरी बोलता बोलता पकडलेले. आणि डोक्याचा वरचा भाग पार कापलेला.

"डोकं छाटलंस की, बाय," क्लेमेंटीन म्हणाली.

सुहासिनीबाई पडद्याजवळ वाकल्या. खूप वेळ पाहत राहिल्या. "तिथे टक्कल होतं," त्या म्हणाल्या. "काही गेलं नाही."

आणि मग त्या हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा त्या इतक्या हसल्या, की पदर डोळ्यांना लावावा लागला आणि क्लेमेंटीनला त्यांना धरून खाली बसवावं लागलं. विनिताने कॉलेजातून आणलेल्या पेन ड्राइव्हवर तो फोटो उतरवला, पुन्हा एकदा उतरवला, मग सगळा खणच उतरवला. परेशला फोन लावला. कोणाकडून करून घेतलंस, त्याने विचारलं. फोन सुहासिनीबाईंनी तिच्या हातातून घेतला.

"कोणाकडून कशाला?" त्या म्हणाल्या. "आमच्या विनीनं उघडला, विनीनं लावला. टॉर्च मी धरला होता."

 पलीकडून परेशने जे विचारलं ते विनिताला ऐकू आलं नाही, पण आईने दिलेलं उत्तर ऐकू आलं. हसतायत, त्या म्हणाल्या. अगदी तसेच.

ऊन कलल्यावर सुहासिनीबाई भिंतीवरचा फोटो काढून घेऊन क्लेमेंटीनबरोबर तिच्या घरी गेल्या. क्लेमेंटीनचा नवरा रुडॉल्फ सुतारकाम करायचा. चौकट चांगली होती, फक्त आतला माणूस बदलायचा होता.

विनिता ओटीवर एकटी उरली. तिने लॅपटॉप बंद केला, बॅटरी काढली, पालथा केला. झाकण लावायचं राहिलं होतं. ओटीवर सावली आली होती, स्क्रूंची भोकं नीट दिसत नव्हती. शेजारी दिनानाथांची वेताची खुर्ची होती. ह्या वर्षभरात तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. विनिताने टॉर्च पेटवून खुर्चीच्या हातावर ठेवला, तो गडगडला, तसा तिने तो वेतात खोचून नीट बसवला. उजेड झाकणावर पडला, बरोबर झाकणावरच.

तिने वाटीतला पहिला स्क्रू उचलला.

"टॉर्च तुम्ही धरा, अप्पा," ती मोठ्याने म्हणाली. "मी करते."